फरशीवरून उठणे

डॉक्टर मिनेझिस म्हणाले, गुडघे पासष्टीचे झालेत,
तुम्ही पन्नाशीच्या. व्यायाम करा.
कोणता, ते म्हणाले नाहीत,
बाहेर अजून अकरा जण होते.

मी ब्लाउज शिवते. तीस वर्षं माझे पाय चालताहेत
आणि मी कुठेच गेलेले नाही.
टाचणी पडली की वाकत नाही,
सुतळीला बांधलेला लोहचुंबक फरशीवर फिरवते,
मानशीवर गळ टाकून बसल्यासारखी.

शुक्रवारी अस्तर आणायला म्हापशाला गेले
तेव्हा बाबुसोच्या गाड्यावर थांबले.
व्यायामाचं मासिक आहे?
त्यानं चार काढून दिली, गुळगुळीत, हातातून निसटणारी.
एकावर पुरुष,
पोटावर सहा उंडे, पोदेराच्या टोपलीतून नुकते काढलेले.
एकावर मुलगी, श्वास रोखून.
ते मला लगेच कळलं. मापं देताना बायका तसाच रोखतात
आणि मी टेप गुपचूप इंचभर सैल धरते.
आत भुकटीचे डबे, बादलीएवढे.
एकवीस दिवसांत कंबर. एकवीस दिवसांत दंड.
माझ्या माहितीतलं काहीच एकवीस दिवसांत होत नाही,
कोंबडीची अंडी सोडून.

आनीक कितें जाय तुका? बाबुसो वैतागला.
काय सांगणार.
म्हटलं, ज्यात कुणी माझ्यासारखं उभं असेल
असं काही.
त्यानं पायानंच गाड्याखालचं खोकं पुढे सरकवलं.
थंय पळय.

जुने दिवाळी अंक, दहावीची गाईडं,
आणि त्यांच्या तळाशी ते:
गंजलेल्या पिना, चहाच्या रंगाचं कव्हर, नाव नुसतं 'हालचाल'.
कव्हरवर सुती साडीतली बाई,
पदर खोचलेला, एक हात भिंतीला, एक पाय उचललेला.
चेहरा बसची वाट बघताना असतो तसा.
संपादक: श्रीरंग वळवईकर, निवृत्त पी. टी. शिक्षक, फोंडा.

पान तीन: हात न टेकता खुर्चीतून उठणे.
पान सात: जिना. आधी उतरायचा कसा ते.
पान बारा: दुखलं तर थांबा.
थांबलात म्हणजे सोडलंत असं नव्हे.
भर बाजारात, चवरीसांच्या माळांसमोर,
ते वाक्य मी दोनदा वाचलं.
थांबा असं मला कुणी आजवर
तोंडीसुद्धा सांगितलं नव्हतं.

जाहिरात एकच. सायकल दुरुस्ती, रविवारीही उघडे.

समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं,
सोमवार ४. बुधवार ४. शनिवार ५.
मग, आईचं बारावं, केलं नाही.
मग २.
मग पुन्हा ४.

फुकट व्हर, बाबुसो म्हणाला. मी पाच रुपये ठेवले.

घरी येऊन शेवटचं पान पाहिलं:
फरशीवरून उठणे, पुढील अंकात.
तो अंक निघाला की नाही, बाबुसोला ठाऊक नाही.
फोंड्याला माझी नणंद असते, तिनं विचारून पाहिलं.
मास्तर वारले, घरात आता भाडेकरू आहेत,
माळ्यावर कागद होते, ते वाळवीनं खाल्ले.

तर मग तेवढं माझं मीच बेतलं,
नमुना न आणता गिऱ्हाईक नुसतं हातानं गळा दाखवतं
तेव्हा बेतते तसं, अंदाजानं, थोडी माया ठेवून.
खुर्ची चार. जिना एक, उतरायचा.
एके दिवशी दुखलं. थांबले.

काल टाचणी पडली.
चुंबक खिळ्याला होता, हात तिकडे गेलाही.
मग म्हटलं बघू,
आणि खाली गेले, आधी डावा गुडघा, मग तळवा.
मशीनखाली केवढं काय होतं,
एक मोत्याचं बटण, रिकामी बॉबिन,
आणि फेर्नांडिसबाईंचा तो हूक
ज्यावरून आम्ही अख्खा एक पावसाळा बोललो नाही.
थोडा वेळ तिथेच बसले. गार वाटत होतं.

मग उठले.
पेन्सिल शोधली, त्या अनोळखी अक्षराच्या खाली लिहिलं,
गुरुवार १.
टेबलाला हात लागला.